गोत्से देल्चेव कुणाचा? एका कबरीवरचे दोन दावे

उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोपिये. तिथल्या जुन्या बाजाराला लागून स्वेती स्पास नावाचं चर्च आहे. रस्त्यावरून पाहिलं तर ते चर्च वाटतच नाही. ठेंगणं, अर्धं जमिनीत गेलेलं. उस्मानी अमलात चर्चने मशिदीपेक्षा उंच होऊ नये म्हणून जमीन खणून ते खाली उतरवलं, असं तिथे सांगतात. आतला अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव पडदा पाहायला पर्यटक येतात. राजकारणी येतात ते अंगणातल्या संगमरवरी पेटीसाठी. त्या पेटीत गोत्से देल्चेवची हाडं आहेत.

देल्चेव उत्तर मॅसेडोनियाचा सगळ्यात लाडका क्रांतिवीर. राष्ट्रगीतात त्याचं नाव येतं. आणि तो बल्गेरियाच्याही पहिल्या फळीतल्या क्रांतिवीरांपैकी एक. बल्गेरियातल्या नेव्रोकोप या गावाचं नाव आता गोत्से देल्चेव आहे. उत्तर मॅसेडोनियातलं त्सारेवो सेलो आता देल्चेवो झालं आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन गावांत शंभर किलोमीटरही भरत नाहीत, मध्ये फक्त सरहद्द.

एका माणसाला दोन देशांनी पुजावं यात भांडण्यासारखं खरं तर काही नाही. पण शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यायची, यावर दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग अडून बसला, आणि उत्तर मॅसेडोनियाचा युरोपीय संघातला प्रवेश ज्या कारणांनी रखडला त्यांत या अडण्याचाही वाटा आहे. मॅसेडोनियाच्या इतिहासावरच्या दाव्यांची चर्चा निघाली की लोक अलेक्झांडरपासून सुरुवात करतात. मला देल्चेवचं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. इथे पुरावा तेवीसशे वर्षांपूर्वीचा नाही. पत्रं आहेत, फोटो आहेत, बरोबर राहिलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं आहे. तरीही निकाल लागत नाही. का लागत नाही, ते पाहू.

एकतीस वर्षं

जन्म ४ फेब्रुवारी १८७२, कुकुश. मृत्यू ४ मे १९०३, सेरेसजवळचं बानित्सा. तेव्हा दोन्ही ठिकाणं उस्मानी साम्राज्यात होती. आज दोन्ही ग्रीसमध्ये आहेत. ज्या दोन देशांत त्याच्यावरून ओढाताण चालली आहे, त्यांतल्या एकाच्याही आजच्या हद्दीत तो जन्मला नाही की मेला नाही. कुकुश तर १९१३ साली, दुसऱ्या बाल्कन युद्धात जळालं. तिथली स्लाव्ह माणसं बल्गेरियाकडे पळाली आणि त्या जागी ग्रीकांचं किल्किस उभं राहिलं.

शिक्षण सलोनिकाच्या, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या, बल्गेरियन हायस्कुलात. पुढे बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथली लष्करी शाळा. १८९४ मध्ये तिथून त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी तो श्टिपला मास्तर म्हणून गेला. तिथे त्याला दामे ग्रुएव भेटला. तोही मास्तरच, आणि उस्मानी अमलाविरुद्ध १८९३ मध्ये सलोनिकात स्थापन झालेल्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. दोघांचं जमलं. पुढची आठ-नऊ वर्षं देल्चेवने गावोगाव समित्या बांधण्यात घालवली. ही चळवळ मास्तरांनी उभी केली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. शाळेच्या नावाखाली फिरता येई, आणि गावात मास्तराच्या शब्दाला वजन असे.

पण शाळा कुणाची, इथेच वादाची पहिली गाठ आहे. सुलतानाच्या दफ्तरात ख्रिस्ती माणसाची नोंद भाषेवरून होत नसे, धर्मपीठावरून होत असे. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कला मानणारा तो ‘रूम’, म्हणजे व्यवहारात ग्रीकांच्या खात्यात. १८७० मध्ये सुलतानाने वेगळं बल्गेरियन धर्मपीठ मान्य केलं, त्याला एक्झार्केट म्हणत. त्याच्याकडे गेलेला तो ‘बल्गार’. मागून सर्बियानेही शाळा काढल्या. एकच बोली बोलणारे दोन सख्खे भाऊ कागदोपत्री दोन वेगळ्या ‘राष्ट्रांचे’ असू शकत, कारण एक या चर्चला जाई आणि दुसरा त्या. देल्चेव बल्गेरियन शाळेत शिकला आणि एक्झार्केटच्याच शाळेत शिकवायला लागला. दफ्तरी तो बल्गार.

नुसताच दफ्तरी नव्हे. तो स्वतःही स्वतःला बल्गेरियन म्हणवत असे. १८९९ च्या एका पत्रात सहकाऱ्यांमधल्या फाटाफुटीबद्दल तो वैतागून लिहितो, त्याचा आशय असा: करणार काय, शेवटी आपण बल्गेरियनच, आणि सगळ्यांना एकच रोग जडलेला. त्याचा पत्रव्यवहार बल्गेरियनमध्ये. त्याचं पहिलं चरित्र लिहिलं ते पेयो याव्होरोव्ह या बल्गेरियन कवीने, मृत्यूनंतर वर्षभरात, आणि हा कवी चळवळीच्या सशस्त्र तुकड्यांबरोबर डोंगरात फिरलेला. इथवर सोफियाची बाजू पक्की आहे. मला तरी त्यात खोट काढता येत नाही.

आता दुसरं पान. सोफियात १८९५ पासून निर्वासित मॅसेडोनियन आणि लष्करी अधिकारी यांची एक ‘सर्वोच्च समिती’ होती. चळवळीचा लगाम सोफियात असावा, ही तिची इच्छा. देल्चेवचं या मंडळींशी कधीच पटलं नाही. १८९६ नंतर काही वर्षं तो संघटनेचा प्रतिनिधी म्हणून सोफियातच राहत होता, तरी बल्गेरियाच्या राजवाड्याने आणि सेनेने चळवळीत हात घालू नये हा त्याचा हट्ट कायम होता. मागणी होती ती स्वायत्ततेची, बल्गेरियाला जोडण्याची नव्हे. संघटनेच्या एका नियमावलीत सभासद होण्याची मुभा फक्त बल्गेरियनांना होती. दुसऱ्या नियमावलीत धर्म आणि राष्ट्र न पाहता सगळ्यांना दार उघडं झालं. कोणती नियमावली कोणत्या सालची, यावरही दोन्हीकडच्या इतिहासकारांचं जमत नाही, आणि ते उगाच नाही: साल बदललं की संघटनेचा जन्म ‘बल्गेरियन’ ठरतो किंवा ‘मॅसेडोनियन’.

यावर बल्गेरियन अभ्यासकांची दोन उत्तरं असतात आणि दोन्ही बिनतोड वाटतात. एक, संघटनेच्या नावात मॅसेडोनियाबरोबर एड्रियनोपलचा (आजचं तुर्कस्तानातलं एदिर्ने) प्रांतही होता. मॅसेडोनियन राष्ट्राचीच चळवळ असती, तर थ्रेसमधल्या एड्रियनोपलसाठी कोण कशाला रक्त सांडेल? दोन, स्वायत्तता ही बल्गेरियनांची जुनी युक्ती. पूर्व रुमेलिया हा प्रांत १८७८ मध्ये असाच स्वायत्त झाला आणि १८८५ मध्ये बल्गेरियात विलीन झाला. मॅसेडोनियाचंही तेच व्हायचं होतं. यावर स्कोपियेकडूनही एक बिनतोड उत्तर येतं: विलीनीकरणच हवं होतं तर देल्चेव सोफियाच्या अधिकाऱ्यांशी इतका कडाक्याने का भांडला? स्वायत्तता त्याच्या लेखी शेवटचा मुक्काम होता की वाटेतला थांबा, हे सांगायला तो राहिला नाही. जानेवारी १९०३ मध्ये सलोनिकात उठावाचा निर्णय झाला तेव्हा तो तिथे हजर नव्हता, आणि लोक अजून तयार नाहीत असंच त्याचं मत होतं. मे महिन्यात बानित्साला उस्मानी सैन्याने त्याच्या तुकडीला वेढा घातला आणि तो मारला गेला. उठाव झाला २ ऑगस्टला, इलिन्देनच्या, म्हणजे संत एलियाच्या सणाच्या दिवशी. बंडवाल्यांनी क्रुशेवो गावात जाहीर केलेलं प्रजासत्ताक जेमतेम दहा दिवस टिकलं.

हाडांचा प्रवास

बानित्साला त्याला साथीदारांसोबत पुरलं. बाल्कन युद्धांत हा भाग हातोहात फिरला. ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्ट तहाने मॅसेडोनिया या जुन्या, मोठ्या प्रदेशाचे तीन तुकडे केले: निम्म्याच्या आसपास ग्रीसला, त्याहून कमी सर्बियाला, दहाव्या हिश्शाच्या जवळपास बल्गेरियाला. पहिल्या महायुद्धात बल्गेरियन सैन्य पुन्हा तिथे पोचलं तेव्हा हाडं उकरून क्सांथीला नेली. क्सांथी ग्रीसला जाणार म्हटल्यावर १९१९ मध्ये ती प्लोव्हदिव्हला गेली, १९२३ मध्ये सोफियाला. पुढची वीसेक वर्षं ती सोफियातच होती.

मग ती स्कोपियेला कशी आली? बल्गेरियाने स्वतः पाठवली. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात विलक्षण भाग हाच.

१९४४ मध्ये युगोस्लाव्हियाच्या पोटात मॅसेडोनियाचं प्रजासत्ताक उभं राहिलं. ५ मे १९४५ ला त्याची वर्णमाला ठरली. नव्या राष्ट्राला वीर हवे होते. सोफियात तेव्हा नुकतेच कम्युनिस्ट सत्तेवर आले होते, गेओर्गी दिमित्रोव्ह त्यांचा म्होरक्या, आणि युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याच्याबरोबर दक्षिण स्लाव्हांचं संघराज्य करायचं घाटत होतं. त्या काळात सोफियाने मॅसेडोनियन राष्ट्र वेगळं आहे हे जवळपास मान्यच केलं होतं. ऑक्टोबर १९४६ मध्ये देल्चेवची हाडं समारंभाने स्कोपियेला आली आणि स्वेती स्पासच्या अंगणात ठेवली गेली. बल्गेरियाच्या आपल्या भागात, पिरिनमध्ये, लोकांची ‘मॅसेडोनियन’ म्हणून नोंद होऊ लागली. १९४८ मध्ये स्टालिन आणि टिटो यांचं बिनसलं आणि हवा फिरली. तरी १९५६ च्या बल्गेरियन जनगणनेत १,८७,७८९ मॅसेडोनियन होते. १९६५ च्या जनगणनेत हा आकडा दहा हजारांच्याही खाली आला. इतकी माणसं नऊ वर्षांत मेली नाहीत, कुठे गेलीही नाहीत. नोंदवहीचा रकाना बदलला, एवढंच. १९५६ चा आकडा वरून दाबून वाढवला होता की १९६५ चा वरून दाबून कमी केला, यावर अर्थातच दोन मतं आहेत, आणि सरहद्दीच्या कोणत्या बाजूला तुम्ही उभे आहात यावर बहुधा तुमचं मत ठरतं.

हाडं मात्र परत गेली नाहीत.

एक शब्द, आणि त्याला चिकटलेलं रक्त

स्कोपियेत ‘बल्गेरियन’ हा शब्द इतका का झोंबतो, हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एप्रिल १९४१ नंतर वार्दार मॅसेडोनियाचा, म्हणजे आजच्या उत्तर मॅसेडोनियाचा, मोठा भाग बल्गेरियाच्या ताब्यात होता, जर्मनीचा दोस्त म्हणून. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियन अंमलदारांनी तिथल्या ज्यूंना पकडून स्कोपियेतल्या मोनोपोल या तंबाखूच्या गोदामात कोंडलं आणि जर्मनांच्या हवाली केलं. ७,१४४ माणसं ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्यूछावणीत गेली. बल्गेरियाने स्वतःच्या मूळ प्रदेशातले ज्यू वाचवले, आणि त्याचा तिथे रास्त अभिमान बाळगला जातो. पण ताब्यातल्या प्रदेशातले वाचवले नाहीत. युगोस्लाव काळातल्या पुस्तकांत आणि स्मारकांवर ‘बल्गेरियन फॅसिस्ट आक्रमक’ हे जोडशब्द कायमचे बसले ते या काळामुळे. ज्या पोराने हे वाचत शाळा संपवली, त्याला देल्चेव स्वतःला बल्गेरियन म्हणायचा हे सांगून बघा.

सोफियाचा याउलट अनुभव: आपल्याच आजोबांच्या पत्रांतला एक शब्द शेजाऱ्यांनी दशकानुदशकं खोडून काढला, कागदपत्रं छापताना ‘बल्गेरियन’च्या जागी ‘मॅसेडोनियन’ घातलं. हा आरोपही खोटा नाही. १९१३ नंतर मॅसेडोनियातून बल्गेरियात आलेल्या निर्वासितांची कितीतरी घरं तिथे आहेत. त्यांच्या लेखी हा परराष्ट्र खात्याचा विषय नाही, घरातल्या भिंतीवरच्या फोटोचा आहे.

आयोगाच्या टेबलावर

१ ऑगस्ट २०१७ ला स्कोपियेत झोरान झाएव आणि बोय्को बोरिसोव या दोन पंतप्रधानांनी मैत्रीचा करार केला. त्यात इतिहास आणि शिक्षणाच्या प्रश्नांसाठी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांचा संयुक्त आयोग नेमायचं ठरलं. मध्ययुगावर आयोगाचं बरंच जमलं: सिरिल, मेथोडियस, क्लिमेंट, नाउम हे संत आणि सम्राट सामुईल यांचे उत्सव एकत्र साजरे करावेत इथपर्यंत मजल गेली. सामुईलबद्दल काढलेली पळवाट पाहण्यासारखी आहे. तो एका मोठ्या मध्ययुगीन राज्याचा राजा होता. या राज्याला आजचे बहुतेक इतिहासकार बल्गेरियन साम्राज्य मानतात. आणि त्याचं केंद्र आजच्या उत्तर मॅसेडोनियाच्या भूमीवर होतं. एका वाक्यात सोफियाला साम्राज्य मिळालं, स्कोपियेला भूमी, आणि ‘इतिहासकार मानतात’ म्हटल्यामुळे सही करणाऱ्याची मानही वाचली. मुत्सद्देगिरीचा हा नमुना मला मनापासून आवडतो.

देल्चेववर हे जमलं नाही. २०१९ मध्ये चर्चा तिथे येऊन थांबली. सामुईल दहाव्या-अकराव्या शतकातला. त्याने कुणाला पत्र लिहिलं नव्हतं आणि त्याचा नातू कुणाच्या ओळखीचा नव्हता. देल्चेवचं तसं नाही. विशेष म्हणजे वाक्य तयार होतं. उत्तर मॅसेडोनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष स्तेवो पेंदारोव्स्की यांनी ते जाहीरपणे म्हणूनही टाकलं: देल्चेव स्वतःला बल्गेरियन म्हणवत होता, पण लढला तो स्वतंत्र मॅसेडोनियासाठी. घरी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सोफियाला पहिला अर्धा भाग आवडला, दुसरा नको होता. स्कोपियेत नेमकं उलट.

माझं म्हणणं असं, की आयोगापुढचा प्रश्न इतिहासाचा उरलाच नव्हता. वस्तुस्थितीबद्दल दोन्हीकडच्या जाणकारांत फार फरक नव्हता. प्रश्न होता तो ‘होता’ या क्रियापदाचा. १९०३ मधला ‘बल्गेरियन’ आणि २०१९ मधला ‘बल्गेरियन’ हे एकच आहेत असं मानलं तर आजच्या मॅसेडोनियन माणसाचा आजोबा परका ठरतो, आणि नातू मग ‘टिटोने बनवलेला’. बल्गेरियन बाजूचे कित्येक जण हे उघड म्हणतात. कागद त्यांच्या बाजूने आहेत, पण कागदांवरून ते जे काढतात ते निघत नाही. आजोबाने स्वतःला काय म्हणवलं यावरून नातवाने काय म्हणवावं हे ठरत नाही. आणि नातवालाही आजोबाची पत्रं दुरुस्त करायचा हक्क मिळत नाही.

नकाराधिकार

‘मॅसेडोनिया’ या नावावरून ग्रीसशी असलेलं भांडण तोवर मिटलं होतं. १७ जून २०१८ ला प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला. देशाने नावापुढे ‘उत्तर’ लावलं, प्राचीन हेलेनिक वारसा आपला नव्हे हे मान्य केलं, आणि ग्रीसने मॅसेडोनियन ही दक्षिण स्लाव्ह कुळातली भाषा म्हणून स्वीकारली. मार्च २०२० मध्ये देश नाटोत गेला. आता युरोपीय संघ, असं सगळे धरून चालले होते.

१७ नोव्हेंबर २०२० ला बल्गेरियाने, संघाचा सदस्य म्हणून, प्रवेशाच्या वाटाघाटींच्या आराखड्याला नकार दिला. तक्रारी दोन: इतिहास आणि भाषा. मॅसेडोनियन ही बल्गेरियनचंच एक लिखित रूप आहे, स्वतंत्र भाषा नव्हे, ही सोफियाची जुनी भूमिका. कोकणी भाषा की बोली हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला दोन्हीकडचा सूर ओळखीचा वाटेल. त्याच महिन्यात झाएव यांनी एका बल्गेरियन वृत्तसंस्थेला मुलाखत देऊन युद्धकाळातल्या बल्गेरियन ताब्याबद्दल मवाळ भाषा वापरली. सोफियाचं मन वळलं नाही, आणि स्कोपियेत लोक रस्त्यावर उतरले. नकाराधिकार हातात आल्यावर आयोगाचं काय झालं, हे ओळखणं अवघड नाही. देल्चेववरचं प्रत्येक वाक्य आता प्रवेशाची अट होतं. अशा टेबलावर कुठला इतिहासकार एक पाऊल मागे घेईल? घेतलं तर घरी गद्दार.

२०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सने तोड काढली. सोफियाच्या संसदेने २४ जूनला नकार मागे घेतला. स्कोपियेच्या संसदेने १६ जुलैला, रस्त्यावरच्या निदर्शनांच्या गदारोळात, प्रस्ताव मंजूर केला. अट अशी, की संविधानात बल्गेरियन समाजाचा उल्लेख यावा. २०२१ च्या जनगणनेत असे ३,५०४ जण नोंदवले गेले होते.

पण ४ फेब्रुवारी २०२३, देल्चेवची १५१ वी जयंती, हे कागदावरचं समाधान जमिनीवर कितपत उतरलं ते दाखवून गेली. कबरीवर फुलं वाहायला बल्गेरियातून निघालेले शेकडो लोक सरहद्दीवर थंडीत तासन्‌तास अडकून पडले. संगणक यंत्रणा बंद पडली असं मॅसेडोनियन बाजूने सांगण्यात आलं. बल्गेरियात ते कुणाला पटलं नाही. स्वेती स्पासच्या आसपास पोलिसांचा पहारा.

संविधान बदलायला १२० पैकी ८० मतं लागतात. मे २०२४ मध्ये निवडून आलेल्या पक्षाने आधीच सांगितलं होतं, या अटीवर नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाने अल्बानियाला वेगळं काढलं आणि त्याच्याशी वाटाघाटींचा पहिला टप्पा सुरू केला. तोवर अल्बानिया आणि उत्तर मॅसेडोनिया एकाच दोरीला बांधलेले होते. अल्बानिया पुढे निघाला. उत्तर मॅसेडोनिया त्या ८० मतांपाशी थांबला आहे, आणि आयोगापुढे देल्चेवचा विषय अजून तसाच पडून आहे.